बर्लिनमधला एक महिना: नाटकं, संग्रहालयं आणि फुटपाथवरचे पितळी दगड

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. मे २०२५ मध्ये चार आठवडे बर्लिनला राहून आले. इथल्या दोघा-तिघांनी जायच्या आधी बरीच मदत केली होती, म्हणून हा धागा त्यांचं देणं समजून लिहितेय. लांबलाय, सवडीने वाचा.

मी पुण्यात नाट्यशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन पैसे साठवले, उरलेले आईने घातले. जर्मन जेमतेम दुकानात बोलण्यापुरतं येतं. सकाळी भाषेचा वर्ग, दुपारी एखादं संग्रहालय आणि रात्री नाटक, असा महिनाभराचा क्रम होता. एकूण एकोणीस नाटकं बघितली.

लंडनला गेली असतीस तर निदान कळलं तरी असतं, असं घरच्यांपासून सरांपर्यंत सगळे म्हणाले. पण आमच्या वर्गात ज्या माणसाचं नाव दिवसाआड निघतं, त्या जर्मन नाटककार ब्रेख्तचं थिएटर बर्लिनमध्ये आहे. तीन पैशाचा तमाशा, अजब न्याय वर्तुळाचा, देवाजीने करुणा केली ही सगळी मराठी नाटकं त्याच्यावरून आलेली. मूळ झाड बघायचं होतं.

बर्लिनर आन्सांबल म्हणजे ब्रेख्त आणि हेलेने वायगेल यांनी १९४९ मध्ये काढलेली नाटकमंडळी. १९५४ पासून ती स्प्रे नदीकाठच्या शिफबाउअरडाम थिएटरात आहे. थ्री पेनी ऑपेराचा, म्हणजे आपल्या तीन पैशाच्या तमाशाच्या मूळ नाटकाचा, पहिला प्रयोग याच थिएटरात ३१ ऑगस्ट १९२८ ला झाला होता. बाहेर बाकावर बसलेला ब्रेख्तचा पुतळा आहे, आत लाल मखमल, सोनेरी नक्षी, छताखाली गुबगुबीत देवदूत. मला वाटलं होतं त्याचं थिएटर एखाद्या शेडसारखं उघडंबोडकं असेल. पण त्याने सजावट तशीच ठेवली आणि शाही कक्षाच्या वरच्या प्रशियन गरुडावर लाल रंगाची फुली मारून घेतली. ती फुली अजून आहे. नाटक सुरू व्हायच्या आधी मी मान वर करून तेच बघत बसले होते.

तिथे थ्री पेनी ऑपेरा बघितलं, बॅरी कोस्कीने २०२१ मध्ये बसवलेलं. चमचमत्या झिरमिळ्यांचा पडदा, त्यातून फक्त एक चेहरा बाहेर येतो. अंग नाही, हात नाहीत. तो चेहरा नाटकातल्या गुंडाचं, मॅकीचं, गाणं म्हणतो आणि आत जातो. मग पडदा सरकतो तर मागे लोखंडी शिड्या आणि चौकटींचं एक भलंमोठं जाळं. नटांना एका जागेवरून दुसऱ्या जागी जायचं तर चढावं लागतं, वाकावं लागतं, दोन दांड्यांमधून अंग काढावं लागतं. प्रेमाचा प्रवेशही तसाच. शहरात गरिबाला सरळ चालायला जागा नसते हे त्या नेपथ्याने एकही शब्द न बोलता सांगितलं. मध्यंतरात मी तिकिटाच्या मागे त्या शिड्यांचं चित्र काढून ठेवलं.

मला या महिन्याने काय दिलं तर हेच. भाषा अर्धीमुर्धी कळत असली की कान मागे पडतात आणि डोळे पुढे होतात. कोण कुठे उभं आहे, कोणाची पाठ आपल्याकडे आहे, प्रकाश कुठून येतो, एखादा नट बोलत नसताना काय करतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितलं. मराठी नाटकात मी वाक्यांच्या मागे धावते. चांगलं वाक्य आलं की टाळी वाजवते, आणि तेवढ्यात रंगमंचावर काय झालं ते निसटून जातं.

शाउब्यूनं या थिएटरचं हॅम्लेट याच कारणासाठी सांगते. थॉमस ऑस्टरमायरने २००८ मध्ये बसवलेलं आणि तेव्हापासून चालू असलेलं. सहा नटांत सगळं नाटक. रंगमंचभर खरी माती. सुरुवातीलाच राजाचं दफन आहे. एक जण पाण्याच्या नळीने पाऊस पाडतो, खड्डा खणणारा माणूस शवपेटी उतरवायला बघतो, पेटी अडकते, तो घसरतो, परत उठतो, चिखलाने माखतो. कितीतरी मिनिटं कोणी बोलतच नाही. बाप गेल्याचं दुःख आणि ते नीट निभावताही न येणं, दोन्ही त्या चिखलात होतं.

आता संग्रहालयं. म्युझियम आयलंडवर पाच आहेत, पहिलं १८३० चं आणि पाचवं, पेर्गामोन, १९३० चं. पेर्गामोन ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण बंद आहे, तेव्हा तिथलं बॅबिलोनचं इश्तारचं दार बघायचंच म्हणून कोणी जाणार असेल तर थांबा. मी सगळ्यात जास्त वेळ नॉयेस म्युझियममध्ये काढला. युद्धात बाँब पडून ती इमारत कित्येक वर्षं पडीक होती. डेव्हिड चिपरफील्डने ती दुरुस्त केली आणि २००९ मध्ये ती परत उघडली. दुरुस्त म्हणजे नवी कोरी नाही. जळलेली वीट, गोळ्यांच्या खुणा, अर्धवट उडालेलं भित्तिचित्र, सगळं तसंच ठेवून मधल्या जागा साध्या सिमेंटने आणि विटांनी भरल्या आहेत. कुठे जुनं संपतं आणि कुठे नवं सुरू होतं ते बोट ठेवून सांगता येतं. आपल्याकडे वाड्यांना आणि देवळांना सरसकट ऑइलपेंट फासतात ते आठवून पोटात तुटलं.

इजिप्तच्या राणीचा तो प्रसिद्ध अर्धपुतळा, नेफरतिती, तिथेच आहे, एका घुमटाच्या खोलीत एकटी. फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे लोक खरंच बघतात. तिचा डावा डोळा रिकामा आहे. उजव्या डोळ्यात बुबुळ बसवलंय, डाव्यात नुसता पांढरा चुनखडक. समोरून बघितलं की ती आपल्याकडे बघते, डावीकडे सरकलं की ती कोणाकडेच बघत नाही.

पण खरं सांगायचं तर या शहराची मला सगळ्यात आत लागलेली गोष्ट कुठल्याच इमारतीत नव्हती. मी मोआबित भागात एका आजींकडे खोली घेऊन राहत होते. वय वर्षं चौऱ्याऐंशी. त्यांच्या दारासमोर फुटपाथमध्ये दहा सेंटिमीटर चौरस असे तीन पितळी दगड बसवलेत. नाझींनी छळलेल्या, मारलेल्या लोकांच्या आठवणीसाठी गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने सुरू केलेलं हे काम आता युरोपभर पसरलंय. बहुतेक दगडांवर पहिली ओळ एकच, 'इथे राहत होते'. मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. आमच्या दारातल्या तिघांतला एक मुलगा नऊ वर्षांचा होता. एका रविवारी सकाळी आजी वाटीत भांडी घासायची पेस्ट आणि जुना टूथब्रश घेऊन खाली निघाल्या. मी पण गेले. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्या पायरीवर बसल्या आणि मी घासलं. काळं पडलेलं पितळ उजळलं तशी अक्षरं वर आली. आजी एवढंच म्हणाल्या, "वाचायचं असेल तर वाकावं लागतं."

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर मोआबितचा जुना मालधक्का आहे. बर्लिनमधल्या तीस हजारांहून जास्त ज्यू माणसांना इथून गाड्यांत भरून पाठवलं. आता शेजारी सुपरमार्केट आहे, आणि रुळांचा एक तुकडा व थोडी पाइनची झाडं एवढंच स्मारक. मी दूध आणायला त्याच रस्त्याने जायचे.

ग्रिप्स या मुलांच्या थिएटरबद्दल वेगळं लिहीन, ते पुणेकरांसाठी राखून ठेवलंय. प्रश्न असतील तर विचारा.

---

खडीसाखर

काय सुंदर लिहिलंयस गं. पितळी दगडांचा परिच्छेद दोनदा वाचला. ग्रिप्सची वाट बघतेय, आमच्या लेकीने शाळेत असताना पुण्यातल्या ग्रिप्सची नाटकं बघितली होती.

वऱ्हाडी_ठेचा

लेख आवडला, पण पोराच्या मामाचा प्रश्न विचारतो ताई. माझ्या भाच्याला पण असंच जायचं आहे, फाइन आर्ट्सला आहे तो. एकोणीस नाटकं म्हणजे तिकिटालाच किती गेले? रोजचं जाणं-येणं, जेवण, याचा काही अंदाज देशील काय?

तिसरी_घंटा

@वऱ्हाडी_ठेचा, दादा, तिकिटं सगळ्यात स्वस्त पडली. कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं की बहुतेक सरकारी थिएटरांत नऊ-दहा युरोंत खुर्ची मिळाली. ओळखपत्रावर इंग्रजीत नाव, संस्था आणि मुदत स्पष्ट हवी. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्ड इथूनच काढून नेलं तर कोणी परत विचारत नाही. संग्रहालयांत विद्यार्थ्यांना साधारण अर्धं तिकीट असतं, आणि तीन दिवसांचा एक पास मिळतो, तो तीसहून जास्त संग्रहालयांत चालतो. मी तो दुसऱ्या आठवड्यात घेतला आणि तीन दिवस नुसती चालत होते.

प्रवासासाठी तेव्हा ५८ युरोंचं असलेलं महिन्याचं तिकीट काढलं. बस, मेट्रो, लोकल, सगळं त्यात येतं, देशभर. ते वर्गणीसारखं असतं, पुढचा महिना नको असेल तर महिन्याच्या दहा तारखेच्या आत बंद करावं लागतं. भाच्याला हे नक्की सांगा.

खोलीभाडं हाच मोठा खर्च. जेवण मी घरी करायचे. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला इथून नेला होता. आजींना पोहे फार आवडले, त्यांनी मला पांढरं ॲस्परॅगस उकडून लोण्यात घालून खाऊ घातलं. त्याचा हंगाम एप्रिल ते २४ जून, नंतर ते ताटात दिसत नाही, असं त्या म्हणाल्या.

आणि एक चूक माझी झाली ती त्याची होऊ नये. पहिल्याच आठवड्यात एका थिएटरात सात मिनिटं उशिरा पोचले. दार बंद. मला वाटलं मध्यंतरात सोडतील. त्या नाटकाला मध्यंतरच नव्हतं. दोन तास बाहेरच्या दालनात टीव्हीच्या पडद्यावर बघितलं. तिथे घंटा झाली म्हणजे झाली.

बर्लिनकर_मन्या

अकरा वर्षं इथे आहे, थोडी भर घालतो.

जुलै-ऑगस्टमध्ये येऊ नका. मोठी थिएटरं उन्हाळी सुट्टीत बंद असतात, आपले सुट्टीवर येणारे पाहुणे नेमके तेव्हाच येतात आणि हिरमुसतात. सप्टेंबर ते जून हा खरा हंगाम. भाषा येत नसेल तर मॅक्सिम गॉर्की थिएटरपासून सुरुवात करा, मुख्य रंगमंचावरच्या नाटकांना तिथे इंग्रजी ओळी वर दिसतात. नटमंडळीही तुर्की, अरब, बाल्कन अशा घरांतून आलेली बरीच. इमारत १८२७ ची, मुळात गायन मंडळाची. बाखच्या मॅथ्यू पॅशन या संगीतरचनेचं पुनरुज्जीवन संगीतकार मेंडेल्सझोनने १८२९ मध्ये इथेच केलं.

दुसरं, धागाकर्तीने फोल्क्सब्यूनंचं नाव घेतलं नाही म्हणून मी घेतो. हे कामगारांच्या पैशांतून उभं राहिलेलं थिएटर. १८९० मध्ये संघटना निघाली, सभासद ठरावीक वर्गणी भरायचे आणि खुर्ची चिठ्ठी काढून मिळायची. पहिली रांग पैशावर नाही, नशिबावर. १९१४ मध्ये त्यांनी स्वतःची इमारत बांधली. मी शाळेत असताना गिरणगावात वाढलोय, भांगवाडी आणि दामोदर हॉलच्या गोष्टी आजोबांकडून ऐकल्यात. त्यामुळे ती चिठ्ठीची गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी त्या इमारतीसमोर बराच वेळ उभा होतो.

आणि एक वाईट बातमी. २०२५ साठी बर्लिन राज्याने संस्कृतीच्या तरतुदीत साधारण १३ कोटी युरोंची कपात केली. डिसेंबरात त्याविरुद्ध मोठी निदर्शनं झाली, मी पण गेलो होतो. दहा युरोंचं तिकीट हे आपोआप होत नाही, त्यामागे लोकांचा कर आहे. पुढे काय होईल याची काळजी वाटते.

निळासावळा

लेख चांगला, पण एक खटकलं ते बोलतो. नेफरतितीचं इतकं हळवं वर्णन, आणि ती तिथे कशी आली यावर एक ओळ नाही. १९१२ मध्ये जर्मन पथकाला इजिप्तमधल्या अमार्नात सापडली, वाटणीत बर्लिनला आली, १९२४ मध्ये लोकांना दाखवली आणि तेव्हापासून इजिप्त परत मागतंय. युरोपातल्या संग्रहालयांत फिरताना आपण तरी हे विसरू नये. वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आणली २०२४ मध्ये, ती पण तीन वर्षांच्या बोलीवर. आपलंच आपल्याला उसनं.

तिसरी_घंटा

@निळासावळा, तुमचं बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. बघताना मनात होतं. त्याच बेटावर पलीकडे हुम्बोल्ट फोरम हे संग्रहालय आहे, जुन्या राजवाड्याचा दर्शनी भाग नव्याने बांधून केलेलं. तिथे बेनिनचे ब्राँझ आहेत, म्हणजे आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्यातून लुटून नेलेल्या ब्राँझच्या कलावस्तू. त्यांची मालकी २०२२ मध्ये नायजेरियाला दिली, त्यातले काही उसने म्हणून तिथेच ठेवलेत. म्हणजे पाटी उलटी झाली. मी त्या दालनात बराच वेळ बसले. शाळेतली मुलं आली होती आणि बाई त्यांना विचारत होत्या की हे इथे कसं आलं असेल. उत्तर बाईंनी दिलं नाही, मुलांकडून काढून घेतलं. वस्तू परत जायला हव्यात असं मलाही वाटतं. पण जोवर त्या तिथे आहेत तोवर हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला विचारला जातोय, हेही मला महत्त्वाचं वाटलं.

फोरमच्या बाहेर सांचीच्या पूर्व तोरणाची दगडी प्रतिकृती उभी आहे. परक्या गावात अचानक हत्ती, यक्षी, चक्र बघून भरून आलं. एका जपानी कुटुंबाला मी अर्धा तास त्यावरच्या गोष्टी समजावत होते.

मृण्मयी_२

वाचतेय, मस्त चाललंय. एक विचारू? डालेममध्ये इरावतीबाईंच्या संस्थेकडे गेली होतीस का?

तिसरी_घंटा

@मृण्मयी_२, गेले होते! शेवटच्या आठवड्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी पीएच.डी.साठी बर्लिनला होत्या, कैसर विल्हेल्म संस्थेत, ऑयगेन फिशरच्या हाताखाली. फिशरचं म्हणणं, गोऱ्यांच्या कवटीची ठेवण इतरांपेक्षा वेगळी असते आणि त्यावरून त्यांची बुद्धी वरचढ ठरते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा वंशभेद दिसत नाही असं लिहून दिलं. मार्गदर्शकाच्या विरोधात, परक्या देशात, पंचविशीही पार न केलेल्या मुलीने.

ती इमारत इनेस्ट्रास २२ ला अजून आहे, आता विद्यापीठाची आहे. पुढे याच संस्थेचा संबंध थेट आउशवित्झच्या छळछावणीपर्यंत गेला, तिथला नाझी डॉक्टर मेंगेले या संस्थेला नमुने पाठवायचा. बाहेर पाटी आहे, आत प्रदर्शन आहे. मी जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून उभी राहिले. नऊवारीतली एक बाई या जिन्याने रोज चढत असेल का, की तिथे त्या पाचवारी नेसायच्या, एवढंच डोक्यात येत होतं.

खडीसाखर

अंगावर काटा आला. आता ग्रिप्स!

तिसरी_घंटा

हो, लिहिते.

ग्रिप्स हे हान्साप्लात्झला आहे, माझ्या मेट्रोवर पुढचंच स्टेशन. स्टेशनातून वर आलं की थिएटरचं दारच. फोल्कर लुडविग आणि त्यांच्या मंडळींनी मुलांसाठी हे थिएटर काढलं, १९७४ पासून ते या जागेत आहे. परीकथा नाहीत. घरातली भांडणं, मारणारा बाप, नवीन देशातून आलेली मुलगी, भाडं थकलेलं घर, असे विषय. आणि मुलांची कामं मोठी माणसं करतात. डॉ. मोहन आगाशेंनी १९८६ मध्ये ही चळवळ पुण्यात आणली हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहेच.

मी सकाळचा शाळांचा प्रयोग बघितला. जागा छोटी, तीन बाजूंना मुलं, मधे नट. माझ्या शेजारी आठेक वर्षांची एक मुलगी बसली होती, हातात डबा. रंगमंचावरचा बाप मुलाच्या वहीवर हात आपटतो आणि मुलगा खोटं बोलतो. नटाने नुसतं प्रेक्षकांकडे बघितलं. ही शेजारची पोरगी उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "तो घाबरलाय म्हणून!" नट थांबला. तिच्याकडे बघून मान हलवली आणि मग पुढचं वाक्य घेतलं. तिच्या शिक्षिकेने तिला बस म्हणून सांगितलं नाही.

मी चौथीत असताना पुण्यात ग्रिप्सचं एक नाटक बघताना अशीच ओरडले होते आणि मला आईने गप्प केलं होतं. पण रंगमंचावरच्या दादाने माझ्याकडे बघून हसून मान हलवली होती. नाटक करायचं हे माझं त्या दिवशी ठरलं. ती मान हलवण्याची पद्धत अगदी तीच होती. पुण्यातल्या कोणी बर्लिनमधून शिकली असेल, त्यांच्याकडून माझ्यापर्यंत आली असेल.

प्रयोग संपल्यावर तिकीटखिडकीवरच्या बाईंना मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की मी पुण्याची आहे. त्या म्हणाल्या, "पूना!" आणि उठून बाहेर आल्या. मला पोस्टकार्डांचा गठ्ठाच दिला.

आप्पा_सदाशिवपेठ

वाचून फार आनंद झाला. माझं वय आता शहात्तर. तीन पैशाचा तमाशा १९७८ साली आला तेव्हा मी बँकेत नवीन होतो, आणि थिएटर अकॅडमीचा तो प्रयोग मी चार वेळा पाहिला. पु.लं.नी तो इतका आपल्या मातीत आणला होता, आणि जब्बार पटेलांनी असा उभा केला होता, की मूळ कुठलं ते आम्हाला विचारावंसंही वाटलं नाही. मूळ विचारायला तू गेलीस, हे बरं झालं.

एक विचारतो. ब्रेख्तचं घर पाहिलंस का? आणि त्या थिएटरात गाण्यांना लोक काय करतात? आमच्याकडे वन्समोअर पडायचे.

तिसरी_घंटा

आप्पा, नमस्कार. तुम्ही वाचलंत याचा फार आनंद झाला.

वन्समोअर नाही पडत. गाण्यानंतर टाळ्या पडतात, थोड्या. पण नाटक संपल्यावर थांबतच नाहीत. नट आत जातात, परत येतात, सहा-सात वेळा. प्रकाशयोजनाकारासाठी, वादकांसाठी वेगळ्या टाळ्या. एकही माणूस खुर्ची सोडून निघत नाही. आपल्याकडे शेवटच्या प्रवेशातच गाडी काढायच्या घाईने उठणारे बघितले की आता मला जास्त वाईट वाटतं.

घर पाहिलं. शॉसेस्ट्रास १२५, मागच्या इमारतीत. एका वेळी थोड्याच माणसांना आत सोडतात आणि बरोबर माहिती सांगणारी बाई असते. तीन खोल्या. भरपूर टेबलं, कारण प्रत्येक कामाला वेगळं टेबल. भिंतीवर जपानी नो नाटकाचे मुखवटे. १४ ऑगस्ट १९५६ ला तो तिथेच गेला. खिडकीतून शेजारचं कब्रस्तान दिसतं आणि त्याची कबर तिथेच आहे, हेगेलची पण. ब्रेख्तच्या कबरीवर ओबडधोबड दगड आणि त्यावर फक्त नाव. तारीख नाही, ओळ नाही. शेजारी तसाच हेलेने वायगेलचा. लोक तिथे पेनं ठेवून जातात. मी माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी सह्या केलेलं पेन ठेवून आले.

आता माझी एक विनंती. तुमच्याकडे १९७८ च्या त्या प्रयोगाचं तिकीट, जाहिरातीचं कात्रण, काही शिल्लक आहे का? प्रबंधासाठी मराठीतल्या ब्रेख्तवर लिहितेय. पुस्तकातलं सगळं वाचलंय. खुर्चीत बसलेल्या माणसाचं कुठेच मिळत नाही.

आप्पा_सदाशिवपेठ

एक तिकीट नक्की आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत, पासबुकांच्या खाली. नातवाला रविवारी वर चढवतो. तू येऊनच बघ, गाणी आठवतील तेवढी म्हणून दाखवतो.

बर्लिनकर_मन्या

आप्पा, गाण्यांचं रेकॉर्डिंग करून ठेवा हो. आणि तिसरी_घंटा, पुढच्या वेळी आलीस की आधी कळव. नॉयकोल्नला आमच्याकडे दर महिन्याला मराठी नाट्यवाचन असतं, आठ-दहा जण जमतो. इथल्या थंडीत पिठलं-भाकरी पण असते.

तिसरी_घंटा

@आप्पा, या रविवारी संध्याकाळी पाच वाजता येते. रेकॉर्डर घेऊन.